तांदळाच्या ड्रममधली बाटली

एका स्वयंपाकघरात आठ वर्षं काढली की किस्से साठतातच. आमच्या मागच्या दारी रिकाम्या बाटल्या साठतात ना, तसेच. फेकवत नाहीत, आणि कशासाठी ठेवल्या तेही सांगता येत नाही!

मी चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाच्या गेटजवळच्या एका लॉजवर पोळ्या-भाजी करते. वाघ बघायला येणारे पाहुणे आमच्याकडे उतरतात. त्यांना वाढायला सोमाभाऊ. ते वैनगंगेपलीकडचे, गडचिरोलीतल्या जंगलातल्या एका गावचे. आमच्या जिल्ह्यातली दारूबंदी उठली, लॉजला लायसन मिळालं आणि वाइनच्या महागड्या बाटल्या यायला लागल्या. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाची पंचविशी, कुणाला नुसता वाघ दिसला म्हणून! मी स्वतः घेत नाही. पण किस्से मात्र सगळे माझ्याच ओट्याशी येऊन पडतात.

* * *

मॅनेजरसाहेबांनी सोमाभाऊंना पद्धत शिकवली. आधी पाहुण्याला बाटलीचं लेबल दाखवायचं. बूच काढायचं. ग्लासात घोटभर ओतायची आणि हातावर नॅपकिन घेऊन बाजूला उभं राहायचं. पाहुणा चाखतो, मान हलवतो, मग बाकीचे ग्लास भरायचे.

पहिल्या दिवशी सोमाभाऊ घाम पुसत आत आले. "बाई, इतक्या महागाची बाटली, अन् फोडल्यावर इचाराचं का बरी हाय का? तो नाई म्हनला तं?"

मॅनेजरसाहेब मागून म्हणाले, "सोमा, इतके पैसे दिल्यावर नाही कोणी म्हणत नाही!"

* * *

पण एक गोष्ट सोमाभाऊ विसरू शकले नाहीत. त्यांच्या गावात लग्न असो की देवाचं काही असो, मोहाची दारू घ्यायच्या आधी दोन थेंब जमिनीवर सांडतात. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. ती आधी, आपण नंतर.

एकदा अंगणात टेबल लावलं होतं. पुण्याचं मोठं कुटुंब होतं, आजींचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. सोमाभाऊंनी बूच काढलं आणि सवयीनं दोन थेंब मातीत सोडले!

"अहो, हे काय केलंत?" आजींचा मुलगा ओरडलाच.

"साहेब, पयले जुन्या मानसायले. मंग आपल्याले."

मॅनेजरसाहेब लालबुंद. मी खिडकीतून बघत होते. तेवढ्यात आजी काठी टेकत उठल्या. सोमाभाऊंकडून आपल्या ग्लासात घोटभर घेऊन चार पावलं पुढं गेल्या आणि त्यांनीही थोडी मातीत सोडली.

मुलगा म्हणाला, "आई, अगं..."

"गप्प बस. तुझ्या बाबांना फार आवडायची. एवढी वर्षं कुणी सुचवलंच नाही मला!"

* * *

हे सगळं सोमाभाऊ सुट्टीला घरी जाऊन बायकोला सांगायचे. तिचं नाव मैनाबाई. ऐकून ऐकून तिनं एक दिवस म्हटलं, "ते लोकं डोरे मिटून काय पेतेत, मले एकडाव पाहाचं हाय."

सोमाभाऊंनी वर्षभर टिप साठवली आणि मॅनेजरसाहेबांकडून चंद्रपूरहून एक चांगली बाटली मागवली. आता घोटाळा असा की नदीपलीकडे गडचिरोलीत दारूबंदी! बाटली घरी नेता येईना. मग ती माझ्या तांदळाच्या ड्रममध्ये आडवी झोपवली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तेवढीच गार जागा.

रोज तांदूळ काढताना हाताला तिची मान लागायची. एकदा स्वयंपाकघराच्या तपासणीला एक सरकारी मॅडम आल्या. तांदूळ कसा आहे बघायला त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि बाटली वर काढली! मॅडमनी लेबल वाचलं, बाटली हळूच परत ठेवली आणि म्हणाल्या, "बाई, तांदूळ चांगलाच जुना आहे तुमचा!"

* * *

मैनाबाई थंडीच्या दिवसांत एका सोमवारी आली. बाजार करून, दोन बस बदलून. नवं लुगडं, केसांत तेल. स्वयंपाकघरात पाटावर बसून हसत म्हणाली, "आना तुमची ते बाटली. मी काई तुमच्या साहेबलोकायवानी उगी मान हालवनार नाई. मोहाच्यापेक्षा बरी असन तं हो म्हनीन, नाई तं तोंडावर नाई म्हनीन!"

सोमाभाऊंनी ड्रममध्ये हात घातलासुद्धा.

आणि मी म्हटलं, "थांबा ना. एवढ्या मोलाची वस्तू, आज साधा बाजाराचा दिवस. उन्हाळ्यात तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. तेव्हा मी पुरणपोळी करीन, टेबल लावू, पाहुण्यांसारखं बसवू तुम्हांला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बाई म्हनते तं बराबर हाय," मैनाबाई म्हणाली. चहा पिऊन चारच्या बसनं गेली.

मी चांगल्या मनानंच बोलले होते. तेच जास्त लागतं.

* * *

त्याच हिवाळ्यात नागपूरचं एक जोडपं आलं. मुलगा झाला तेव्हा परदेशातून आणलेली बाटली त्यांनी वाघ दिसेल त्या दिवसासाठी ठेवली होती. तीन वर्षं ती बाटली आमच्याकडं यायची आणि तशीच परत जायची! चौथ्या वर्षी वाघ अगदी रस्त्यात आडवा बसलेला दिसला. दोघं नाचतच आले. सोमाभाऊंनी बूच काढायला घेतलं तर त्याचा भुगा हातात. आणि वास? नुसता शिरका, आंबट व्हिनेगर!

नागपूरच्या साहेबांनी बाटली स्वतः हुंगून पाहिली. मग म्हणाले, "बाई, कांदा चिरा." तो शिरका कांद्यावर ओतून त्यांनी जेवणाबरोबर सगळा कांदा संपवला. बाईसाहेब म्हणाल्या, "खा! वाघापेक्षा दुर्मिळ कांदा आहे!"

आम्ही आत पोट धरून हसलो. हसता हसता सोमाभाऊ थांबले. "बाई, आपली?"

"आपली नवी आहे," मी म्हटलं. "तिला काही होत नाही."

* * *

उन्हाळ्यात लॉज भरलेलं, सोमाभाऊंना सुट्टी मिळाली नाही. पावसाळ्यात जंगल बंद झालं, तर तिकडं मैनाबाईची धानाची रोवणी. मग तिला ताप येऊ लागला. दवाखान्यात मी भेटायला गेले. माझा हात धरून तिनं हळूच विचारलं, "तांदरात हाय ना?"

"आहे."

"राहू दे. बरी होऊन येतो मी."

मैनाबाईचं दिवसकार्य उरकून सोमाभाऊ कामावर आले. दुपारची जेवणं आटोपली होती. त्यांनी ड्रममधून बाटली काढली, चिकटलेले तांदूळ पुसले आणि मागच्या दारी कडुलिंबाखाली गेले. मी मागोमाग गेले. माफी मागायची होती.

त्यांनी लेबल समोर धरलं. बूच काढलं. चांगलं निघालं. घोटभर मातीत ओतली. मग हातावर नॅपकिन घेऊन, एक पाऊल मागं सरून उभे राहिले, पाहुण्यापुढं राहतात तसे.

माती हळूहळू पीत होती. सोमाभाऊ हलेनात.

शेवटी मलाच राहवलं नाही. "काय म्हणते?"

त्यांनी वाकून मातीवरून हात फिरवला आणि बाटलीला परत बूच लावलं.

"नाई म्हनते, बाई. मोहाचीच बरी होती म्हनते!"