सोलापूरची चटणी

दिल्लीत राजकीय ब्लॉगरांचं संमेलन होतं. मंचावर देशाचं चाललं होतं. माझा जीव मात्र मोबाइलमध्ये, मुंबईतल्या विश्वासदर्शक ठरावात अडकलेला. ऐन जेवताना बातमी आली. मी ज्याची बाजू लढवत आले, ते सरकार पडलं. घास तोंडात फिरू लागला.

शेजारी सोलापूरचे माने बसले होते. ब्लॉगवर आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांची सालटी काढलेली. भेट मात्र पहिलीच. आज त्यांची बाजू जिंकली होती. पिशवीतून पुडी काढून त्यांनी शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी माझ्या ताटात वाढली.

"जेवा ताई. इथल्या भाजीला चव नाही."

इतकं कडाडून आपण आपल्याच माणसांशी भांडतो. परक्यांसाठी कोण एवढा जीव जाळतं?

संध्याकाळी मी मानेंविरुद्ध लिहायला बसले. हात धुतले होते, तरी बोटांना लसणाचा वास येत होता.