गोठ्यापुरती कानडी

रुद्राप्पाच्या घरात कानडीला बंदी होती. बंदी घालणारा स्वतः कानडी आईच्या पोटचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या गावात तो मराठी शाळेत शिकला, तिथंच मास्तर झाला. पुढं सरकारी कागद कानडीत यायला लागले. जन्मभर घरात बोललेली भाषा, पण वाचता एक अक्षर येईना. कचेरीत कालच्या पोरासमोर अंगठेबहाद्दरासारखं उभं राहायची पाळी आली. मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, आणि एक्याण्णव साली बिऱ्हाड उचलून तो कागलला आला. उंबऱ्यातच शपथ घेतली, "गाव महाराष्ट्रात येईस्तोवर या घरात कानडी न्हाय."

बायकोला, दानम्माला, कुणी विचारलं नाही. तिचं मराठी बाजारापुरतं. पूर्वी जेवणं झाली की नवरा रोज विचारायचा, "ऊटा माडिदी?" म्हणजे जेवलीस का. ते थांबलं. मराठीत विचारायचं त्याला सुचलंच नाही.

सहा वर्षांनी भावानं तिला माहेरची म्हैस दिली. "बारव्वा, बारव्वा" म्हटल्याशिवाय ती पान्हा सोडेना. 'ये गं माय, ये' असं रुद्राप्पानं मराठीत म्हणून पाहिलं, तर तिनं बादली लाथाडली. मग काय, म्हशीला सूट मिळाली. दानम्मा धारेला बसली की तासभर उठायची नाही. माहेरच्या आठवणी, सुनेच्या कागाळ्या, सगळं म्हशीच्या कानात.

"एवढं काय बोलतीस गं तिच्याशी?"

"तुमी बोलत न्हाईसा म्हणून. अवो, एकदा इचारा की पयल्यासारखं."

"सीमेचा निकाल लागू दे. मग रोज इचारतो."

"निकालापतुर मी ऱ्हायाला पायजे की!"

दोन हजार चार साली सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात गेला. रुद्राप्पानं पेढे वाटले. मग नुसत्या तारखा.

तीन वर्षांनी दानम्माला कावीळ झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी तिनं नवऱ्याचा हात धरला आणि नुसती बघत राहिली. काय हवंय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. दोन शब्द. ओठांपर्यंत आलेही. पण खाटेच्या पायाशी मोर्चातले जुने सोबती उभे होते.

"जेवलीस का?" तो म्हणाला.

तिनं हात सोडला. त्याच दिवशी गेली.

माती देऊन आले, तेव्हापासून म्हैस दूध देईना. सून दोन दिवसांत टेकीला आली. "मामा, कास दगडावानी झालीया. इकून टाकूया."

तिसऱ्या सकाळी रुद्राप्पाच बादली घेऊन बसला. कासेवर पाणी मारलं.

"बारव्वा..."

सोळा वर्षांनी. म्हशीनं कान हलवले. बादलीत धार वाजली आणि मग त्याला थांबता येईना. म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून तो विचारत राहिला, "ऊटा माडिदी? ऊटा माडिदी?"

सून दारात येऊन उभी राहिली. तिला कानडीचा गंध नव्हता.

"काय म्हणताय, मामा?"

"काय न्हाय," तो म्हणाला. "दूध ने आत."