शिवलीलाचा फोड पिकला

होटगीत पार्वतम्माच्या हातून न्हालं नाही असं लेकरू शोधून सापडायचं नाही. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणं हा तिचा धंदा, आणि आपलंच खरं करणं हा तिचा स्वभाव.

सुनेला, धनलक्ष्मीला, दुसरी मुलगी झाली. नाळ पडल्याशिवाय पाळण्यात घालायचं नाही, ही त्या घरची रीत. महिना उलटला तरी नाळ पडेना. पार्वतम्मा बेंबीला विभूती लावत राहिली. शेवटी कशीबशी नाळ पडली आणि पोरीचं नाव शिवलीला ठेवलं. पुढे ती रांगायला लागली, तिला खरचटायला लागलं. जखमा लाल व्हायच्या, चिघळायच्या, पण पिकायच्या नाहीत. याचाच बाईला कोण अभिमान! गावभर सांगत सुटली, आमच्या पोरीचं रक्त लई शुद्ध हाय, पू धरतच न्हाय.

मग पोर तापानं फणफणली. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट आणि जखमेत जवळजवळ नाहीतच. त्यांनी समजावलं, की या पेशी धावत्या रक्तात वाहत असतात. जखमेपाशी आल्या की रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडत जातात, मग घट्ट चिकटतात आणि भिंतीपलीकडे शिरून जंतूंवर तुटून पडतात. त्यात मेलेल्या पेशींचाच पू होतो. शिवलीलाच्या पेशी गडगडत होत्या, पण त्यांना चिकटता येत नव्हतं.

पार्वतम्माचा नवरा निंगप्पा रेल्वेत गँगमन होता. तो म्हणाला, "म्हंजे चालत्या गाडीतनं उतरायचं, पर धरायला दांडीच न्हाय."

डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली. इलाज एकच, या पेशी जिथं तयार होतात तो हाडांतला मगज, म्हणजे बोन मॅरो, दुसऱ्याचा घालायचा; तो झाला नाही तर पोर हाती लागणार नाही, हेही सांगितलं.

पार्वतम्माला आता उमगलं. ज्याची फुशारकी मारली, तोच नातीचा आजार होता. थोरल्या बहिणीचा, अपेक्षाचा, बोन मॅरो जुळला, तेव्हा शेजारणींनी नाकं मुरडली, धडधाकट पोरीला कशाला सुई टोचता म्हणाल्या. पार्वतम्मानं त्यांना दारातूनच वाटेला लावलं. जन्मात पहिल्यांदा ती दुसऱ्याच्या शब्दावर चालली होती आणि आता मागं फिरणार नव्हती. पुण्याला मॅरो बदलला.

परतल्यावर काही महिन्यांनी शिवलीलाच्या खांद्यावर फोड आला. धनलक्ष्मी रडायलाच बसली. फोड सुजला, ठणकला आणि त्याला पिवळं तोंड आलं. डॉक्टरीणबाईंनी आधी औषध सुरू केलं, मग हसून म्हणाल्या, पेशी चिकटायला लागल्या.

पार्वतम्मानं गावात पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं, की ताठ मानेनं सांगायची, नातीचा फोड पिकला. एका शेजारणीनं तोंड वाकडं करून पेढा परत पुढं केला.

"खा गं," पार्वतम्मा म्हणाली. "पोर जगली आमची."