दट्ट्या, गवती चहा आणि टिकलीचा आवाज

डबिंग स्टुडिओत किस्से साठतात त्याला कारण लाल दिवा. तो दारावर लागला की बाहेर बसलेल्यांनी शिंकायचंसुद्धा नाही. मग तो विझला की दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर येतं, आणि जे येतं ते कामाचं कधीच नसतं! मी अंधेरीतल्या अशाच एका स्टुडिओत साउंड इंजिनिअर आहे. डिस्क भरली की आम्ही रेकॉर्डिंग्ज पुसतो. किस्से पुसले जात नाहीत, आणि आमच्याकडचे निम्मे तरी एका काचेच्या भांड्याभोवती फिरतात.

भांडं म्हणजे फ्रेंच प्रेस. खाली काच, वर दट्ट्या, दट्ट्याला जाळी. कॉफीवर गरम पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, दट्ट्या दाबला की चोथा खाली आणि कॉफी वर. झालं. यात किस्से होण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटायचं. पण त्या भांड्याभोवती मी जे पाहिलंय ना, त्यातलं काही आजही मला खरं वाटत नाही. यातले काही किस्से आमची डबिंग कलाकार नलूताई, तिचा आवाज होता तेव्हाचे आहेत आणि काही तो गेल्यानंतरचे.

*

प्रेस आणली सॅव्हियोने. सॅव्हियो आमचा डबिंग डायरेक्टर, मनोरीचा. रोज सकाळी फेरीबोटीने मार्व्याला उतरतो आणि तिथून अंधेरी गाठतो. चुलत भावाने भेट दिलेली प्रेस त्याने देवाची मूर्ती आणावी तशी दोन्ही हातांत धरून आणली.

पहिल्या दिवशी त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून पिठासारखी बारीक कॉफी आणून त्यात घातली. पाणी ओतलं, दट्ट्या दाबला. हलेना. जाळीच बुजली होती! सॅव्हियो उभा राहिला, दोन्ही तळवे ठेवले आणि सगळं वजन टाकलं. मी ओरडलो, "अरे नको, काच आहे ती!"

फाट्! काच वाचली. कॉफी मात्र सरळ छताला. छताच्या फोमवर, सॅव्हियोच्या पांढऱ्या शर्टावर, माझ्या साउंड मिक्सरवर.

नलूताई कोपऱ्यात बसली होती. पदराने चष्मा पुसत म्हणाली, "शिमगो झालो रे!"

तेव्हापासून कॉफी इडली रव्याइतकी जाड दळून आणतो. छतावरचा डाग अजून आहे. एका जाहिरातवाल्याने त्याचा फोटो काढला आणि मला विचारलं, "इंटिरिअर कोणी केलं?"

*

आता नलूताई. साठीला आलेली, बोरिवलीला राहते, सुती साडी, जाड चष्मा, मूळची कुडाळकडची. आणि टीव्हीवर एक परदेशी कार्टून लागतं, त्यातली टिकली नावाची खारूताई मराठीत बोलते ती हिच्या आवाजात. कितीतरी घरांत मुलं तिच्याशिवाय जेवत नाहीत.

चॅनेलतर्फे आमच्याकडे मिताली मॅडम येते. एकदा ती आपल्या छोट्या मुलीला घेऊन आली, टिकली दाखवायला. मुलीने नलूताईकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. "ही टिकली नाहीये! ही आजी आहे!"

आम्ही समजावून दमलो. टेबलावर गरम कॉफीने भरलेली प्रेस होती, तिच्यामागे नलूताईने हळूच तोंड लपवलं आणि टिकलीच्या आवाजात म्हणाली, "अगं ए, रडूबाई!"

मुलगी गप्प. डोळे एवढे मोठे. प्रेसच्या जवळ गेली, काचेत निरखून बघितलं, मग आईचा हात धरून घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, "मम्मी, तिला बाहेर काढ ना! चटका बसेल तिला!"

मी रोज कानाला हेडफोन लावून आवाज ऐकणारा माणूस. नलूताईपासून दोन हातांवर होतो. खरं सांगू? मीसुद्धा भांड्याकडेच बघत होतो.

*

एका कार्टून सिनेमात अंतराळयानाचा दरवाजा होता. परदेशातून आलेल्या साउंडमध्ये नेमका त्या दरवाज्याचाच आवाज नव्हता. मी सगळं करून बघितलं. स्टुडिओचं शटर झालं, कपाट झालं, सॅव्हियोने तोंडाने काढून बघितला. दरवाजा काही दरवाजासारखा उघडेना!

दुपारी मी माईक तपासायला घेतला होता. नलूताई प्रेस घेऊन थेट रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये गेली. लाल दिवा चालू, आत काचेचं भांडं! मी शिवी देण्याच्या बेतात होतो. तिने माईकच्या अगदी तोंडाशी दट्ट्या सावकाश खाली दाबला.

सुऽऽऽस्स... ठक्.

माझ्या हेडफोनमध्ये अख्खं यान उघडलं. हाताला काटा आला. एवढासा दट्ट्या, एवढीशी वाफ, आणि त्यात एवढी मोठी पोकळी कुठून आली, कोण जाणे.

परदेशी कंपनीचं मेल आलं, हा साउंड इफेक्ट कुठल्या लायब्ररीतला? सॅव्हियोने उत्तर पाठवलं, "किचन."

*

मग नलूताईचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, सर्दी असेल. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली तर स्वरयंत्रावर गाठ. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं बजावून सांगितलं. आणि कॉफी बंद! टिकलीचे शेवटचे भाग डब व्हायचे होते. डॉक्टर म्हणाले, "आवाज येईल. पण तोच येईल असं मी सांगू शकत नाही."

घरी बसून काय करणार? नलूताई रोज स्टुडिओत यायला लागली. आमच्याकडे गप्प बसणं हीच तर नोकरी!

सॅव्हियो म्हणाला, "कॉफी बंद ना? प्रेस थोडीच बंद आहे!" दुसऱ्या दिवशी तो मावशीच्या परसातल्या गवती चहाचा भारा घेऊन बोटीत बसला. सगळ्या बोटीला वास. शेजारच्या मासळीवालीने विचारलं, "कोनाला रं एवढा?"

"टिकलीला. घसा बसलाय तिचा."

"टिकली म्हंजे? आमच्या नातवाची टिकली?"

सगळी बोट सॅव्हियोकडे वळली. पुढच्या सकाळी सॅव्हियो स्टुडिओत शिरला तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. तुळस, ओव्याची पानं, अडुळसा, ओलं आलं, कोणीतरी ज्येष्ठमधाची कांडी कागदात गुंडाळून दिलेली. कोणी काय दिलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने सगळं टेबलावर मांडलं आणि नलूताईसमोर नुसता उभा राहिला.

तिने एकेक पान उचलून हुंगलं. मग चष्मा काढला. आम्ही दोघे उगाचच वायरी गुंडाळायला लागलो.

*

यातला एक घोळ सांगायलाच हवा. प्रेस एकच. सकाळी तिच्यात ओव्याच्या पानांचा चहा, दुपारी क्लाएंटची कॉफी. काच धुतली तरी जाळी वास सोडत नाही, हे आम्हाला काय माहीत!

एका मसाल्याच्या जाहिरातीचे साहेब आले. घोट घेतला. भुवया वर. मी सॅव्हियोकडे बघितलं, वाट लागली! साहेबांनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला आणि हळूच विचारलं, "कुठल्या इस्टेटची कॉफी आहे ही?"

सॅव्हियो पापणी न हलवता म्हणाला, "मनोरी."

साहेब अजून शोधतायत म्हणे. आम्ही त्याच संध्याकाळी नलूताईसाठी वेगळी प्रेस आणली.

*

मिताली मॅडम चांगली बाई आहे, पण तिलाही वरच्यांना उत्तर द्यावं लागतं. ती नव्या मुलींचे आवाज घेऊन आली. म्हणाली, "ताई, कोणीतरी तयार ठेवावंच लागेल. निदान तुम्ही तरी निवडा."

बोलता येत नसल्यामुळे नलूताईची चमच्याची भाषा झाली होती. कपावर एक टकटक म्हणजे ओके, दोन म्हणजे रीटेक. तिने हेडफोन लावले, डोळे मिटले. मी पहिली मुलगी ऐकवली. टक टक. दुसरी. टक टक. सॅव्हियोचा चेहरा खुलायला लागला.

तिसरी मुलगी संपली तरी चमचा वाजेना. नलूताईने खूण केली, परत लाव. परत लावली. मुलगी खरंच चांगली होती. बराच वेळ नलूताई चमचा नुसता हातात धरून बसली आणि मग अगदी हलकेच वाजवला. टक.

कोणी कोणाकडे बघेना. स्वतःची जागा दुसऱ्याला देताना इतका सच्चा कान ठेवणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

काहीतरी करायचं म्हणून सॅव्हियोने प्रेस भरली. त्या दिवशी मावशीने गोकर्णाची फुलं वाळवून दिली होती. पाणी ओतलं आणि चहा गडद निळा! मिताली मॅडम चमकून बघायला लागली. सॅव्हियोने कपात लिंबू पिळलं, निळ्याचा जांभळा झाला.

"परत!" मिताली ओरडली. त्याने दुसऱ्या कपात पिळलं. "परत!" असे आमचे सगळ्यांचे कप संपले.

मग ती त्या जांभळ्या चहाकडे बघत म्हणाली, "डॉक्टरांनी बोलायला कधी सांगितलंय?" नलूताईने बोटं वर करून दाखवली, अजून आठवडा. मिताली म्हणाली, "तोवर मी थांबते." लिंबामुळे थांबली असं माझं म्हणणं नाही. पण ती नव्या मुलीच्या करारावर सही करायला आली होती, एवढं मला माहीत आहे.

*

आठवडा संपला. डॉक्टरांनी सांगितलं, आतून सगळं स्वच्छ आहे, बोला. नलूताई बोलली. आवाजच नाही. नुसती हवा, अधेमधे जाडाभरडा खर्ज. "सॅव्हियो" म्हणायला गेली तर तिची तीच दचकली. तिने रोज प्रयत्न केला. रोज हवा.

मितालीने आणखी थोडे दिवस वाढवून दिले होते, त्यांतला शेवटचा आला. तिसरी मुलगी बाहेर येऊन बसली होती. आत सीन तयार, टिकली झाडाच्या ढोलीत अडकलीय आणि मित्र तिला न बघताच पुढे निघालेत.

नलूताई उठली आणि बूथकडे बोट दाखवलं. सॅव्हियो म्हणाला, "ताई, नको ना. त्रास करून नको घेऊ." तिने ऐकलं नाही. आत गेली, हेडफोन चढवले. मी लाल दिवा लावला. सॅव्हियोने प्रेसमध्ये पाणी ओतून ठेवलं होतं, त्याला दट्ट्या दाबायचं भानच नव्हतं.

पडद्यावर मित्र चालायला लागले. काचेपलीकडे नलूताईने हळूच टाचा उचलल्या, जुनी सवय तिची, टिकली व्हायची असली की चवड्यांवर उभी राहते.

"अरे थांबा ना! मी इथेच आहे! मला सोडून कुठे चाललात?"

स्वच्छ. टवटवीत. तीच! मीटरचा काटा नाचत होता. मिताली मॅडमने तोंडावर हात दाबून धरला. मी इतकी वर्षं आवाज मोजतोय, मला तेव्हा देवळात उभं असल्यासारखं वाटलं. सॅव्हियो तर सरळ रडत होता.

त्याने बूथमध्ये बोलायचं, टॉकबॅकचं बटण दाबलं. "ताई! आला गं आवाज! बोल ना काहीतरी!"

नलूताईने टाचा टेकवल्या आणि तोंड उघडलं. हवा. तिने घशावर हात ठेवला, पुन्हा प्रयत्न केला. हवा. ती काचेतून आमच्याकडे बघत राहिली, आम्ही तिच्याकडे. लाल दिवा चालूच होता.

मग तिने परत टाचा उचलल्या, आणि जी खारूताई आजवर कधी मालवणी बोलली नव्हती ती खणखणीत आवाजात म्हणाली,

"मेल्या सॅव्हियो, रडतंस कित्याक? माझी कॉफी खंय असा?"