हुकूम सोडणारे साहेब

पर्लसाहेबांनी एकदा सांगितलेल्या कामाकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. लोक हे कौतुकानं सांगत. मी तक्रार म्हणून सांगतो. केजच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचं संगणक केंद्र होतं. पर्ल नावाची संगणकाची भाषा आमच्याकडे त्यांना एकट्यालाच येई, म्हणून हे नाव. मला ती त्यांनी फुकट शिकवली. उपकार मान्य करूनच पुढचं लिहितो.

"हुकूम सोडायचा, विषय सोडायचा," हे त्यांचं ब्रीद. खिडकीतून "दोन कट!" ओरडायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. खाली टपरी उघडी आहे का, हे बघणं त्यांच्या शानीत बसत नसे. निम्म्या वेळा चहा यायचाच नाही आणि शिव्या चहावाल्याला बसायच्या.

कागदाचा भारी तिटकारा. "जग खुलं झालंय बे, अन् तुमी अजून फायली चिवडता!" असं म्हणून टाइप झालेले अर्ज रद्दीत. ती रद्दी मीच विकून यायचो, ही माझी लाज.

एका साली बीडच्या एका संस्थेनं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह काढायचं ठरवलं. पत्रकं वाटत, युसूफ वडगावपासून वस्त्या तुडवत मी नावं गोळा केली. कौसाबाई तर सातवीतल्या मंगलला घेऊन केंद्रावरच आली.

"सायब, पोरीचं नाव लागलं नव्हं?"

"लागलं. मशीन इसरत न्हाई, बाई."

साहेबांनी स्क्रिप्टमध्ये चार हुकूम ओळीनं लिहिले: जुन्या फायलींच्या कप्प्यात जा, तिथलं सगळं पूस, नवी यादी फ्लॉपीवर उतरव, पडद्यावर 'काम फत्ते' लिही. पण असा प्रत्येक हुकूम पाळायला पर्ल नवा नोकर बोलावतं. पहिला जुन्या कप्प्यात गेला आणि तिथंच संपला. दुसरा उभा राहिला चालू कप्प्यात, जिथं आमची यादी होती. त्याला पूस म्हटलं होतं, त्यानं पुसलं. तिसऱ्याला उतरवायला काही उरलंच नाही. तो ओरडला असता, पण "ती किरकिर नको" म्हणून साहेबांनी त्याचं तोंड आधीच बंद केलेलं. चौथ्यानं 'काम फत्ते' लिहिलं. कोरी फ्लॉपी थाटात बीडला गेली.

नावंच नाहीत म्हणून संस्थेनं वसतिगृह रद्द केलं. आम्हाला कळलं तेव्हा अर्ज रद्दीत गेले होते आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या होत्या.

"आधीचा हुकूम पाळला गेला का, ते का नाही बघितलं?" मी विचारलं.

"बघायचं कशाला? मी सांगितलं होतं ना त्याला!"

म्हणजे गुन्हेगार नोकर!

कौसाबाई ट्रकवर चढता चढता मला म्हणाली, "संस्थावाले काहून न्हाई म्हनतेत? तुमच्या म्होरं नाव दिलं. यादीत न्हाई म्हंजे माजी पोर न्हाईच का?" मंगल वर भांड्यांच्या पोत्यावर बसली होती. साहेबांना हे सांगितलं, तर "पुढच्या साली टाकू," म्हणाले.

उन्हाळ्यात ते पुण्याला मोठ्या कंपनीत गेले. निरोपाला मी गेलो नाही. त्यांची खुर्ची मला मिळाली. ती स्क्रिप्ट मी नव्यानं लिहिली: कप्पा खरंच बदलला का बघ, नसेल तर तिथंच थांब. त्या साली संस्थेनं पुन्हा मनावर घेतलं आणि वसतिगृह उघडलं. दसऱ्याआधी यादी छापून मी गावोगाव वाचून दाखवली. पहिलं नाव मंगलचं, मी आपणहून घातलेलं.

कौसाबाई एकटीच उठून आली.

"ते खोडा, दादा. उसाच्या फडावरच सोयरीक जमली तिची. दिली."