पाऊस पडेपर्यंत

परवा डाळीच्या डब्यावर नाव टाकायला मार्कर उघडला आणि स्लाइडींच्या रसायनासारख्या त्याच्या उग्र वासासरशी, मी पॅथॉलॉजिस्ट होते ती लातूरची जुनी लॅब डोळ्यांपुढे आली. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. स्लाइडी धुवायलासुद्धा आम्ही टँकरचं पाणी जपून वापरायचो. चाकूरकडच्या एका बाईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला आला होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दुधाच्या नळ्या वाईट पेशींनी गच्च भरलेल्या, पण नळ्यांच्या भिंती सगळीकडे शाबूत. तोवर माझ्यापुढे आलेल्या गाठी भिंती फोडून, पसरूनच आलेल्या असायच्या. इतक्या लवकर कॅन्सर मला पहिल्यांदाच सापडला होता. रिपोर्ट न्यायला ती स्वतः आली, तेव्हा मी हरखून म्हणाले, "अगदी वेळेवर आलात. अजून नळीच्या आतच आहे, ऑपरेशन केलं की बऱ्या व्हाल." ती म्हणाली, "बाई, पाऊस पडंस्तोवर थांबलं तर चालंल का? टँकर आला की घागरी भरायला घरात दुसरं कुणी न्हाई." सर्जनला विचारा, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या आनंदाच्या भरात मी म्हणून गेले, "चालेल." त्या वर्षी पाऊस झालाच नाही. पुढच्या वर्षी ती आली तेव्हा काखेतही गाठ होती, आणि नव्या स्लाइडवर भिंत शोधूनही सापडेना. "पाऊसच पडला न्हाई, बाई," ती मलाच समजावल्यासारखं म्हणाली. तिनं सगळा दोष पावसावर टाकला आणि मी तो टाकू दिला. 'चालेल' मी म्हणाले होते, हे आज पहिल्यांदा लिहितेय.