आठवी ‘ब’ची वेबसाइट

“ओटीपी कुणाच्या फोनवर येणार?” दळवी बाईंनी विचारलं.

“पालकांच्या. शाळेत जो नंबर नोंदवलाय त्यावर.”

“म्हणजे वडिलांच्या. आणि वडील कामावर.”

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून बसलेलो. कळव्यातल्या एका मराठी शाळेची स्टाफरूम, शनिवार, शाळा नुकतीच सुटलेली. बाई तिथे आठवी ‘ब’ला गणित शिकवायच्या. माझी धाकटी बहीण त्यांच्या हाताखाली शिकलेली, तिच्या शब्दाखातर मी त्यांच्या वर्गासाठी वेबसाइट बनवून दिली होती. धडे, व्हिडिओ, सरावाच्या चाचण्या, बरोबर उत्तराला उडणारे फुगे, सगळं होतं. तीन आठवडे झाले तरी मुलं काही तिकडे फिरकत नव्हती.

मी ठाण्यात एका कंपनीत यूएक्स डिझायनर आहे. वेबसाइट वापरताना माणूस कुठे अडतो ते शोधायचं आणि ती अडचण काढायची, हे माझं काम. त्यामुळे माझा निष्कर्ष तयार होता. “हल्लीच्या मुलांना अभ्यासात इंटरेस्टच नाही, बाई.”

बाईंनी पर्समधून वर्गाची हजेरीची यादी काढली. प्रत्येक नावापुढे पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं. मुलांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, वडिलांचा फोन घरी किती वाजता येतो? कुणाचा आठला, कुणाचा नऊला. एकीचे वडील खोपटच्या डेपोत एसटीचे ड्रायव्हर, त्यांचा फोन दोन दोन दिवस बाहेरगावी. घरी असायचा तो आईचा जुना फोन, आणि तो नंबर शाळेत नोंदवलेलाच नव्हता.

मी ती यादी दोनदा वाचली. पंचवीस वर्षं मी ज्याचा पगार घेतोय ते काम बाईंनी मधल्या सुट्टीत पेन्सिलने उरकलं होतं.

“लॉगिन काढून टाका,” त्या म्हणाल्या.

“असं काढता येत नाही. मुलांची माहिती उघड्यावर पडेल.”

“मग माहिती ठेवूच नका. नाव नको, नंबर नको. गणित आहे ते. त्यात लपवण्यासारखं काय आहे?”

मी तिथेच बसल्या बसल्या लॉगिन काढलं.

हेडमास्तर मात्र वैतागले. “अहो बाई, लॉगिन नाही तर रिपोर्ट कसा काढणार? कोण बघतंय, किती वेळ बघतंय, संस्थेला मी दाखवू काय? त्यापेक्षा ते रेडीमेड अ‍ॅप बरं. कंपनीवाला डॅशबोर्ड देतोय, सगळं एका स्क्रीनवर.” डॅशबोर्ड म्हणजे आकड्यांचा फलक, साहेब लोकांचा लाडका.

“सर, सहामाहीपर्यंत थांबा,” बाई म्हणाल्या. “रिपोर्ट मी तुम्हाला फळ्यावर दाखवते.”

“ठीक आहे. सहामाहीपर्यंत. नंतर अ‍ॅप.”

बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, “त्या अ‍ॅपलाही ओटीपी लागतो. ते आलं की माझी निम्मी मुलं दाराबाहेर. आणि नेमकी तीच, ज्यांना गणित येत नाही.” आवाज शांत होता, पण छत्रीची मूठ घट्ट धरलेली.

मग मीही हट्टाला पेटलो.

लॉगिन गेल्यावर मुलं यायला लागली, पण टिकेनात. चाचणीच्या तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला निघून जायची. उत्तर चुकलं की माझी साइट लाल फुली दाखवायची आणि खाली बरोबर उत्तर. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळीकडे असंच असतं.

पुढच्या शनिवारी बाई एक लाँगबुक घेऊन आल्या. खाकी कव्हर, कोपरे झिजलेले. आत पानोपान मुलांनी केलेल्या चुका. इतक्या वर्षांत पेपर तपासताना जी नवी चूक दिसली, ती त्यांनी उतरवून घेतलेली. नाव एकाचंही नाही.

“कुणी केली ते लिहिलं नाहीत?”

“कशाला? दोन वर्षांनी तीच चूक दुसरं कुणीतरी करतंच. हे साइटवर टाका.”

“बाई, चुका दाखवल्या तर मुलं चुका शिकतील!”

“त्या त्यांना आधीच येतात हो. त्यातून बाहेर कसं पडायचं तेवढं सांगू.”

मी फुगे काढले, व्हिडिओ काढले. जीव तुटला, खोटं कशाला बोलू. उरली साधी पानं, आईच्या जुन्या फोनवरही झटकन उघडणारी. प्रत्येक पानावर एक चूक, तिला एक नंबर, आणि ती कशी होते हे मुलाच्या तोंडून. चूक नंबर सात: ‘कंसाबाहेरचं उणे मी पहिल्या पदाला दिलं, दुसऱ्याला द्यायचं विसरलो.’ खाली तसलीच तीन गणितं. गुण नाहीत, फुली नाही. मुलाने आपलं चुकलेलं गणित घ्यायचं आणि आपली चूक कोणती ते शोधायचं. नवी चूक सापडली तर वर्गात सांगायची, बाई तिला पुढचा नंबर द्यायच्या.

सहामाहीच्या आधल्या आठवड्यात हेडमास्तर वर्गावर आले. मी मागे उभा होतो. त्यांनी शेवटच्या बाकावरच्या समीक्षाला उठवलं. डेपोतल्या ड्रायव्हरांची मुलगी हीच. फळ्यावर गणित दिलं: ५ − २(x − ३).

समीक्षाने लिहिलं, ५ − २x − ६.

हेडमास्तरांनी बाईंकडे बघितलं. गेलं सगळं, मी मनात म्हटलं.

समीक्षा फळ्यापासून एक पाऊल मागे आली. “सर, थांबा हां. सात नंबर झाली.” अंगठ्याने तिने सहाच्या आधीचं उणे पुसलं, तिथे अधिक केलं, आणि खाली लिहिलं, ११ − २x.

“सात नंबर म्हणजे काय?” हेडमास्तरांनी विचारलं.

अख्खा वर्ग एकदम सांगायला लागला. सरांना कळेना कुणाचं ऐकावं. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, “अशा किती चुका माहितीयत तुम्हाला?”

“माझी बारा नंबर रोज होते, सर!” एक मुलगा उभा राहून ओरडला. “कंसाचा वर्ग करताना मधलं पदच खाऊन टाकतो मी!” वर्ग हसला, तोही हसला. त्यामागून हात वर होत गेले. “माझी चार, सर!” “माझी सात पण आणि नऊ पण!”

गणितात नापास होणारी मुलं हेडमास्तरांसमोर हात वर करून आपल्या चुका सांगत होती, आणि एकाच्याही चेहऱ्यावर लाज नव्हती. मला भरून आलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचल्यासारखं केलं.

शेवटी हेडमास्तर म्हणाले, “बाई, ही यादी नववीच्या सरांनाही द्या.” अ‍ॅपचं नाव पुन्हा निघालं नाही.

मी बाईंना विचारलं, साइटवर खाली तुमचं नाव टाकू? त्या म्हणाल्या, “यादी मुलांची आहे. मी फक्त लिहून घेतली.” आणि पुढच्या तासाला निघून गेल्या.

आमच्या धंद्यात ‘युजर’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा येतो. त्या युजरला नावानिशी ओळखणारा क्लायंट मला आजवर एकच भेटला, दळवी बाई, आणि त्यांना हा शब्द ठाऊकही नव्हता.